स्टिकरवर जाऊ नका: हातातला लेझर पॉइंटर वापरताना डोळे कसे सांभाळावेत

माळेगावची यात्रा असो, तुळजापूरचा बाजार असो की तालुक्याच्या गावचं मोबाइलचं दुकान, दोन प्रकारचे लेझर हल्ली हमखास दिसतात. एक किल्लीच्या रिंगला लटकवायचा, लाल ठिपक्याचा. टोपण बदललं की भिंतीवर बदाम नाहीतर फुलपाखरू उमटतं. दुसरा वीतभर लांब, काळा, बुडाला छोटी किल्ली असलेला, हिरव्या झोताचा. ‘तीनशे तीन’ म्हणून मागितला की दुकानदार लगेच काढून देतो. दोघांवरही बहुधा पिवळा स्टिकर असतो आणि त्यावर एकच आकडा : ५ मिलीवॅटपेक्षा कमी.

पहिल्याच्या बाबतीत तो आकडा कदाचित खरा असेल. दुसऱ्याच्या बाबतीत मी तो खरा धरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने १२२ पॉइंटर मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के पॉइंटर तिथल्या नियमांत बसले नाहीत. जिथे नियम कडक आहेत तिथली ही गत, मग यात्रेतल्या पालावर बिलाशिवाय मिळणाऱ्या वस्तूचं काय सांगावं! म्हणून या लेखातली प्रत्येक सूचना एकच गोष्ट गृहीत धरून दिली आहे: हातातला लेझर किती ताकदीचा आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

डोळ्यात नेमकं काय होतं

बल्बचा उजेड चहूकडे पसरतो, लेझरचा झोत जवळजवळ समांतर राहतो. असा समांतर झोत बाहुलीतून आत शिरला की बुबुळ आणि आतलं भिंग मिळून तो पडद्यावर एका बिंदूत गोळा करतात. भिंगाने उन्हात कागद जाळतो तोच प्रकार. हा बिंदू १०–२० मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीहून बारीक असतो. बाहुलीशी असलेली प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटींनी वाढते. १ मिलीवॅट हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण एवढ्याशा जागेवर तो नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्यापेक्षाही जास्त तीव्र पडतो.

त्यातून माणूस लेझरकडे थेट पाहत असेल तर हा बिंदू नेमका पडद्याच्या मध्यावर पडतो. वाचायला, सुईत दोरा ओवायला, समोरच्याचा चेहरा ओळखायला हाच भाग लागतो. कडेची नजर शाबूत राहते आणि मधोमध डाग बसतो.

आणि हे सगळं होताना दुखत नाही. पडद्याला वेदना कळत नाही. ‘काही झालं असतं तर दुखलं असतं की’ हा युक्तिवाद लेकरं करतात आणि मोठी माणसंही करतात. तो साफ चुकीचा आहे.

पापणी आपोआप मिटते, त्यावर थोडी भिस्त ठेवता येते. सुरक्षिततेची मानकं त्यासाठी पाव सेकंद धरतात. पण पैज लावून टक लावणाऱ्या पोराची पापणी मिटत नाही आणि न दिसणाऱ्या किरणांना तर कुणाचीच मिटत नाही. शिवाय अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, उन्हात ती दोन-तीन मिलिमीटर असते. रात्रीचा लेझर जास्त घातक ठरतो तो यामुळेही.

पायरी पहिली: आपल्याकडचा लेझर ओळखा

लेझरचे वर्ग ठरलेले आहेत. वर्ग १ निर्धोक. वर्ग २ म्हणजे दिसणारा प्रकाश आणि १ मिलीवॅटपर्यंतची ताकद. इथे पापणीची प्रतिक्रिया पुरेशी मानली जाते. वर्ग ३आर ५ मिलीवॅटपर्यंत, वर्ग ३बी ५०० मिलीवॅटपर्यंत आणि त्यापुढे वर्ग ४. वर्ग ४ मध्ये भिंतीवरच्या ठिपक्याकडे जवळून पाहणंही धोक्याचं असतं. माणसांमध्ये हातात धरून वापरायचा पॉइंटर वर्ग २ च्या वर नसावा असं माझं मत आहे. ३आर फक्त जाणत्या माणसाच्या हाती, तोही उघड्या आभाळाखाली.

स्टिकर खोटा असू शकतो हे एकदा मान्य केलं की बाकीच्या खुणा बघाव्या लागतात.

बॅटरी उघडून बघा. बटणासारखे छोटे सेल किंवा रिमोटमधले बारीक सेल असतील तर ताकद कमी असण्याची शक्यता बरी, खात्री मात्र नाही. आत बोटाएवढा जाड, चार्ज करायचा सेल निघाला तर संशय घ्या. १ मिलीवॅटच्या ठिपक्याला एवढी बॅटरी लागत नाही.

जाहिरात वाचा. ‘काडी पेटवतो’, ‘फुगा फोडतो’, ‘काळी टेप जाळतो’ असं लिहिलं असेल तर ते काम ५ मिलीवॅटचं नाही. तोंडाशी फिरवायची फोकसची कडी असेल तर तीही याच जातीची खूण. ‘१० मैल रेंज’ या वाक्याला मात्र काही अर्थ नाही. ते सगळ्यांवरच छापलेलं असतं.

खोलीत ट्यूबलाइट चालू असताना, धूर-धूळ नसताना झोताची रेघ हवेत स्पष्ट दिसते का? दिसत असेल तर तो ५ मिलीवॅटच्या बराच पुढचा आहे. अंधाऱ्या रात्री मात्र ५ मिलीवॅटचा हिरवा झोतही दिसतो, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका. आणि ‘हातावर मारून चटका बसतो का बघू’ ही परीक्षा कुणी सुचवली तर त्याच्या हातातला लेझर आधी काढून घ्या.

खरी मोजणी पॉवर मीटरनेच होते. शाळेचे, क्लासचे किंवा मंडळाचे चार-पाच पॉइंटर असतील तर जवळच्या महाविद्यालयाच्या नाहीतर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात विचारून बघा. लेझरचे प्रयोग अभ्यासक्रमातच असल्याने मीटर असण्याची शक्यता असते. मोजायला सांगताना हिरवा प्रकाश आणि अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश वेगवेगळे मोजायला सांगा.

हिरव्याची खोड

हे अवरक्त प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. लाल पॉइंटरमध्ये डायोड थेट लाल प्रकाश देतो, बहुधा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. स्वस्त हिरव्याचं तसं नाही. त्यात ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. मूळचे दोन्ही अवरक्त किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण पडद्यापर्यंत पोहोचतात. ते अडवायला पुढे एक छोटी गाळणी बसवायची असते. स्वस्त मालात पैसे वाचवायला नेमकी तीच गाळली जाते. मग पेनातून हिरव्याबरोबर न दिसणारा झोतही निघत राहतो, कधी कधी हिरव्याहून जास्त.

थंडीत यात भर पडते. डायोडची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते आणि पहिला स्फटिक ८०८ च्या आसपासचाच प्रकाश नीट शोषतो. पौषातल्या रात्री उघड्या माळावर पारा दहाच्या खाली गेला की हिरवा पॉइंटर मलूल होतो हे आकाशदर्शनाला जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय. लोक म्हणतात, बॅटरी उतरली, आता याची भीती नाही. पण हिरवा मंदावला म्हणून आतला डायोड थांबलेला नसतो. न शोषलेला अवरक्त प्रकाश तसाच बाहेर पडत असतो. मंद झालेल्या पॉइंटरच्या तोंडात डोकावून बघणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात अवरक्त दिसला नाही म्हणजे तो नाही, असंही समजू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत तो अडवणारी गाळणी असते.

रंगाबद्दल आणखी एक. झगमगाट म्हणजे ताकद नव्हे. तेवढ्याच मिलीवॅटचा ५३२ चा हिरवा ठिपका ६५० च्या लालपेक्षा साधारण आठपट ठळक दिसतो, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आहे. उलट ४०५ नॅनोमीटरचा जांभळा अगदी फिका दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. जांभळा आणि निळा दोन्ही डोळ्याच्या पडद्याला जास्त त्रासदायक. पोरांच्या खेळण्यात ते नकोतच.

विकत घेताना

शिकवायला किंवा सादरीकरणाला हवा असेल तर लाल घ्या आणि खोक्यावर वर्ग २ व १ मिलीवॅटपेक्षा कमी असं लिहिलेला घ्या. ६५० ऐवजी ६३५ नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम. तेवढ्याच ताकदीत ठिपका जवळपास दुप्पट ठळक दिसतो, त्यामुळे जास्त मिलीवॅटचा मोह होत नाही. बटण दाबून ठेवलं तरच चालणारा घ्या. एकदा दाबलं की चालूच राहणारा नको. स्लाइड पुढे सरकवायचे नावाजलेल्या कंपन्यांचे रिमोट साधारण याच वर्गातले असतात आणि त्यांना बिलही मिळतं. पाचपट ताकद तेवढ्याच पैशांत मिळत असेल तर तो सौदा नव्हे.

सोबत फुकट मिळणारा लाल किंवा हिरव्या काचेचा चष्मा कपाटात ठेवून द्या. लेझरचा चष्मा तरंगलांबीनुसार बनतो आणि त्यावर कोणती तरंगलांबी किती अडवतो ते छापलेलं असतं. हिरवा अडवणारा चष्मा अवरक्त अडवेलच असं नाही. उन्हाचा गॉगल, वेल्डिंगची काच, एक्स-रेची फिल्म यातलं काही चालत नाही. चष्म्याची गरज भासावी असा लेझर असेल तर तो पॉइंटर म्हणून वापरायचाच नाही.

वर्गात

लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये दीड-दोनशे मुलं एका हॉलमध्ये बसतात आणि सर मागून, बाजूने, रांगांमधून फिरत शिकवतात. म्हणजे झोताच्या वाटेत डोकी येणारच. इथे उपयोगी पडते ती सवय.

आधी हात फळ्याकडे न्या, मग बटण दाबा. ठिपका हवा तिथे दोन-तीन सेकंद ठेवा, बटण सोडा, मगच मुलांकडे वळा. बटण दाबलेल्या हाताने हातवारे करायचे नाहीत. शंका विचारणाऱ्या मुलाकडे पॉइंटरने ‘हं, तू बोल’ असं तर कधीच नाही. हात थरथरत असेल तर कोपर पोटाशी टेकवा. ठिपका स्थिर राहतो आणि भरकटत नाही. मागच्या रांगेतून पुढच्या फळ्यावर मारायचा असेल तर डोक्यांच्या बराच वरून. ते जमत नसेल तर पुढे या.

फळा कसला आहे तेही बघा. मॅट पडद्यावर ठिपका विखुरतो, काही होत नाही. चकचकीत पांढरा फळा, काचेची चौकट, टीव्ही, खिडकी यांवरून झोताचा काही भाग आरशासारखा परत येतो. साध्या खिडकीच्या काचेवरून साधारण ८ टक्के. १ मिलीवॅटच्या पॉइंटरचे ८ टक्के म्हणजे काहीच नाही. २०० मिलीवॅटचे ८ टक्के म्हणजे १६ मिलीवॅट, आणि तो कुठे जाईल याचा नेम नाही. मनगटावरचं घड्याळ, स्टीलचा तांब्या, भिंतीवरच्या तसबिरीची काच यांचंही तसंच.

हल्ली जिल्हा परिषदेच्या शाळांतही मोठे स्मार्ट पॅनल आलेत. त्यांच्यावर लेझरचा ठिपका मुळात नीट दिसतच नाही, म्हणून लोक जास्त ताकदीचा आणतात. त्याऐवजी माउसचा बाण मोठा करा, नाहीतर सरळ छडी वापरा. छडीला बॅटरी लागत नाही.

आकाशदर्शनात

तारे दाखवायला हिरव्या लेझरसारखं दुसरं साधन नाही हे मान्यच करायला हवं. ‘तो बघ, त्या लिंबाच्या शेंड्यावर, नाही, त्याच्या डावीकडे’ या कसरतीतून तो सोडवतो. म्हैसमाळच्या पठारावर किंवा गावातल्या माळवदावर पन्नास लोकांना कृत्तिका एका क्षणात दिसतात. पण लेझरचे सगळे धोके एकत्र यायची जागाही हीच: रात्र, मोठ्या झालेल्या बाहुल्या, गर्दी, लेकरं आणि हिरवा पेन.

लेझर एकाच माणसाकडे असावा. गटात दुसरा कुणी स्वतःचा काढू लागला तर गोडीने बंद करायला लावा. दोन झोत एकमेकांत घुसले की कोण कुठे रोखतोय ते कळत नाही. लोकांना अर्धवर्तुळात आपल्या मागे उभं करा, समोर कुणी नको. हात वर नेऊन मगच बटण दाबा, बटण सोडून मगच हात खाली आणा. दाबण्यापूर्वी मोठ्याने ‘लेझर’ म्हणा. दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस तेवढ्यात बाजूला होतो.

ते फार महत्त्वाचं आहे. ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीचं भिंग उघड्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करतं. उघड्या डोळ्याला जो झोत लांबून निभावला असता तो दुर्बिणीतून निभावत नाही. दुर्बिणींची रांग आणि लेझरचा माणूस यांच्यात अंतर ठेवा आणि दुर्बिणी सुरू असताना लेझर खिशात.

आता एक खास आपल्याकडची अडचण. झोत क्षितिजापासून ४५ अंशांच्या वरच ठेवावा असा साधा नियम मी पाळतो. पण मराठवाड्यातून ध्रुवतारा फार खाली दिसतो. ध्रुवाची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते: लातुरातून साडेअठरा अंशांच्या आसपास, नांदेडातून एकोणीस, संभाजीनगरातून वीसच्या जवळ. ध्रुव दाखवायला झोत तिथे नेला की तो टेकडीवरच्या देवळाला, पलीकडच्या वस्तीच्या गच्चीला, घाटातून उतरणाऱ्या मोटारसायकलस्वाराला लागू शकतो. म्हणून ध्रुवावर लेझर मारायचाच नाही. हाताची मूठ लांब केली की ती साधारण १० अंश झाकते. उत्तरेला तोंड करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवायला सांगा, दोन मुठी झाल्या की ध्रुव तिथेच. सप्तर्षी वर आलेले असतील तर त्यातल्या पहिल्या दोन ताऱ्यांवर लेझर ठेवा आणि पुढची रेघ लोकांना डोळ्याने ओढू द्या. लेकरांना हा खेळ लेझरपेक्षा जास्त आवडतो.

५ मिलीवॅटच्या नेहमीच्या हिरव्या पॉइंटरचा झोत सुमारे १६ मीटरपर्यंत डोळ्याला इजेच्या मर्यादेपेक्षा वर असतो. ५० मिलीवॅटचा ५० मीटरपर्यंत, ५०० मिलीवॅटचा १६० मीटरच्या आसपास. पुढे इजा होत नसली तरी डोळे दिपतात: त्याच ५ मिलीवॅटच्या झोताने ८० मीटरपर्यंत क्षणभर अंधारी येऊ शकते, साडेतीनशे मीटरपर्यंत चकाकीने समोरचं दिसेनासं होऊ शकतं. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. समृद्धी महामार्गावर तर वेगाचं विचारूच नका.

वैमानिकाला हा झोत काही किलोमीटरवरूनही विचलित करतो, तेही उतरण्याच्या सगळ्यात नाजूक क्षणी. चिकलठाणा आणि नांदेड विमानतळांच्या आसपास राहणाऱ्यांनी आकाशात लेझर काढूच नये. इतरत्रही लुकलुकणारा सरकता दिवा दिसला की बटण सोडायचं, तो निघून जाईपर्यंत बोटानेच दाखवायचं. विमानावर लेझर रोखणं ही गंमत नाही, त्यावर पोलिसांत गुन्हा दाखल होतो.

शेतात, बांधकामावर, मिरवणुकीत

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायची चिंता सुरू होते आणि कुणीतरी हिरवा लेझर घेऊन आखाड्यावर येतो. झांजरवेळी आणि तिन्हीसांजेला पाखरं त्याला बुजतात, भर उन्हात ठिपकाच दिसत नाही. पण झोत आडवा, कणसांच्या उंचीवर फिरतो, म्हणजे बांधावरून चाललेल्या माणसाच्या आणि बैलाच्या डोळ्यांच्याही उंचीवर. मला गोफण आणि डबा जास्त परवडणारे वाटतात. रात्री रोही किंवा रानडुकरं हाकायला लेझर वापरणारेही आहेत. तिथे मोठी बॅटरी, म्हणजे टॉर्च, तेच काम करते.

फरशी, पीओपीवाल्यांच्या लेझर लेव्हलची रेघ पसरट असते आणि उपकरण नीट कंपनीचं असेल तर वर्ग २ चं. ते डोळ्यांच्या उंचीवर लावू नका, गुडघ्याखाली किंवा डोक्याच्या वर लावा. जेवायला बसताना बंद करा. लाइन बरोबर आहे का हे झोतात डोळा आणून बघायचं नाही, भिंतीवरची रेघ बघायची.

मिरवणुकीतल्या डीजेच्या लेझरबद्दल स्वतंत्र लेख होईल. गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवानंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले रुग्ण आल्याचं राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं आहे आणि पुण्यात पोलिसांनी अशा झोतांवर बंदीही घातली होती. इथे एवढंच: ज्या पेटीतून झोत निघतो तिच्याकडे बघायचं नाही आणि लेकराला खांद्यावर घेऊन त्या उंचीवर न्यायचं नाही.

घरात लेकरं असतील तर

लेझरच्या नोंदलेल्या इजांत मुलांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगं आहे. २०१८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ग्रीसमधल्या ९ वर्षांच्या मुलाची हकिगत आली: हिरव्या पॉइंटरच्या झोताकडे वारंवार बघितल्याने त्याच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं होतं. कुणी मुद्दाम मारला नव्हता, खेळता खेळता स्वतःच बघितलं होतं. आरशात मारून ‘परत कुठे येतो’ बघणं हाही लेकरांचा आवडता खेळ.

खेळणं म्हणून लेझर देऊ नका. पाहुण्याने यात्रेतून आणलाच तर बॅटरी काढून ठेवा. वापरात नसलेल्या प्रत्येक पॉइंटरची बॅटरी काढून वेगळ्या जागी ठेवायची सवय लावा, किल्ली असेल तर तीही. बटणासारखे सेल मात्र उघड्यावर टाकू नका. लहान लेकराने ते गिळले तर अन्ननलिका भाजते आणि तासाभराचाही उशीर महागात पडतो.

झोत डोळ्यात गेला तर

नजर फिरवा, डोळे मिटा, लेझर बंद करायला सांगा. गाडी चालवत असाल तर झोताकडे न बघता वेग कमी करा, रस्त्याची डावी कड धरा, सुरक्षित जागी थांबा आणि दिसायला लागल्याशिवाय पुढे निघू नका.

डोळे चोळू नका. दिसणारा लेझर बुबुळातून आरपार जातो, तिथे तो सहसा इजा करत नाही. नंतर जी लाली, पाणी आणि खुपणं येतं ते पुष्कळदा चोळण्यामुळेच. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस, मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब, यातलं काहीही घालू नका. पडद्यापर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही, वरचा डोळा मात्र बिघडतो.

कमी ताकदीचा झोत क्षणभर लागला असेल तर डोळ्यांसमोर रंगीत ठिपका तरंगतो आणि काही मिनिटांत विरतो. तोवर शांत बसा. मग दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा. हे महत्त्वाचं, कारण दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईटाची बाजू सांभाळून घेतो. गणिताची चौकटींची वही घ्या, मधल्या एका चौकटीत पेनाने ठिपका काढा, वाचायच्या अंतरावर धरा. एक डोळा तळव्याने झाका, दाबू नका. ठिपक्याकडे बघत राहा. आजूबाजूच्या रेषा सरळ दिसतात का, कुठे वाकतात, कुठे चौकटी गायब आहेत, मधोमध करडा डाग आहे का? मग दुसरा डोळा. चष्मा असेल तर लावूनच. लेकराला ‘नीट दिसतं का’ असं विचारलं तर ते मार चुकवायला हो म्हणेल, म्हणून त्याला दिसतं ते वहीवर काढायला सांगा.

डाग, वाकड्या रेषा, धूसरपणा, रंग फिके दिसणं यातलं काही तासाभरानंतरही राहिलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. झोत ताकदवान हिरव्या, निळ्या किंवा मिरवणुकीतल्या लेझरचा असेल तर लक्षणं नसली तरी जा. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे नेत्रविभाग आहेत. जालन्याचं गणपती नेत्रालय आहेच. जिल्हा रुग्णालयातूनही सुरुवात करता येते. फक्त चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दुकानात जाऊन भागणार नाही. पडद्याची तपासणी हवी आणि बऱ्याचदा ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र. ते यंत्र आहे का हे फोन करून विचारून निघा. थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यानंतर काही तास वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

उपचारांबद्दल खोटी आशा नको. भाजलेला पडदा पूर्ववत करणारं औषध नाही. सूज किंवा रक्तस्राव असेल तर डॉक्टर त्यावर उपाय करतात. लहान इजा आठवड्यांत-महिन्यांत थोडी भरून येऊ शकते. छिद्र पडलं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. फेरतपासणी सांगतील त्या तारखेला चुकवू नका आणि मधल्या काळात तीच चौकटींची वही रोज सकाळी एकेका डोळ्याने बघा. नवी रेष वाकडी दिसली तर तारखेची वाट न बघता जा.

डॉक्टरांना चार गोष्टी नेमक्या सांगा: झोताचा रंग, किती अंतरावरून, किती वेळ किंवा किती वेळा, आणि थेट की काच-आरशावरून परावर्तित. मुलाच्या बाबतीत त्याच्या मित्रांनाही विचारून घ्या, घरी सांगितलेली हकिगत बहुधा अर्धी असते. पॉइंटर हाती असेल तर तोही सोबत न्या, बॅटरी काढून.